बॉनेटात तोंड पाहू नये

कोजागिरी झाली की आमच्या गल्लीतले म्हातारे रस्ता बदलायचे. एरवी सकाळी मारुतीच्या पारावर जायला सगळ्यांना आमच्या घरासमोरचाच रस्ता सोयीचा, पण कोजागिरी उलटली की तो ओस पडायचा. कुणी सोनाराच्या बोळातून जायचं, कुणी पार कापसाच्या जिनिंगला वळसा घालून. एकानं तर मला सांगितलं, डॉक्टरनं जास्त चालायला लावलं आहे म्हणून. त्याच्या दोन्ही गुडघ्यांत पाणी झालं होतं. कोणता डॉक्टर असं सांगेल, मला काय कळत नाही? खरं कारण अख्ख्या दिग्रसला ठाऊक होतं. आमच्या समोरच्या मोकळ्या प्लॉटवर, पत्र्याच्या शेडखाली, सुखदेवजींनी वैकुंठरथ पॉलिशला काढलेला असायचा.

वैकुंठरथ हे नाव मोठं. गाडी म्हणजे एक जुनी ॲम्ब्युलन्स. गावातल्या चार व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून ती विकत घेतली, आतलं स्ट्रेचर काढून तिथं लोखंडी बाक बसवला आणि बाहेरून गडद निळा रंग मारला. म्हणजे आधी ती लोकांना यवतमाळच्या दवाखान्यात न्यायची, आणि आता दवाखान्याचा हेलपाटा वाचवून परस्पर घाटावर. चालवायला सुखदेवजी मिळाले. एस.टी.तून रिटायर झालेले, सारी नोकरी दिग्रस-पुसद रस्त्यावर गेलेली. उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशा, खिशात कायम एक मऊ फडकं. ते बुद्धविहारात जाणारे. वैकुंठावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

"वैकुंठ हाय का नाही, मले काय मालूम जी," ते म्हणायचे. "मी त तथी गेलोच नाही कवा. मी घाटापर्यंत सोडतो आन् वापस येतो. माया इस्वास रंगावर हाय."

तो विश्वास मात्र भलताच पक्का होता. हिवाळ्याच्या तोंडावर गाडीला मेण लागलंच पाहिजे, हा त्यांचा धर्म. मी एकदा विचारलं, की बाबा, उन्हाळ्यात का नाही? तर माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की मी शाळामास्तरीण असून हे विचारते म्हणजे कमालच.

"थंडीत आपल्या टाचा फुटत नाहीत काय, वैनी? तसाच रंग फुटते. रातच्याले दहिवर पडते, ते रंगात घुसते. आन् मंग जिनिंग सुरू झाली का कापसाची धूय. अंगाले तेल नसन त समदं चिकटते." मग जरा आवाज खाली घेऊन, "आन् आपला सीझनबी थंडीतच असते ना."

सीझन हा शब्द ते अगदी कापसाच्या व्यापाऱ्यासारखा वापरायचे. थंडीत म्हातारी माणसं जास्त जातात, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण कुणी त्याला सीझन म्हणत नाही.

पॉलिश बाजारचं चालायचं नाही. घाटंजीच्या आठवडी बाजारात एक कोलाम आदिवासी बाई रानातलं मेण घेऊन बसायची, तिच्याकडून सुखदेवजी बसनं जाऊन मेण आणणार. मग स्टोव्हवर गरम पाण्याच्या गंजात डबा ठेवून ते वितळवणार, त्यात जवसाचं तेल आणि टरपेंटाइन. त्या वासानं माझ्या वरणाची चवच जायची. मी खिडकीतून ओरडायची, "सुखदेवजी, स्टोव्ह थोडा पलीकडे सरकवा." ते गंभीरपणे म्हणायचे, "हाव जी," आणि स्टोव्ह एक वीत सरकवायचे. माझ्याच बाजूला.

गाडी आधी रिठ्याच्या पाण्यानं धुवायची, डांबराचे ठिपके घासलेटानं काढायचे, आणि मग मेण. मेण लावायला फडकं हवं ते जुन्या धोतराचंच. नव्या कापडानं रंगावर चरे पडतात म्हणे. आता जुनं धोतर कुणाकडे असणार? म्हाताऱ्यांकडे. मग हा माणूस गावात फिरून एकेका म्हाताऱ्याला अगदी आदरानं विचारायचा, "काकाजी, धोतर जुनं झालं काय? मले पाह्यजे होतं." वैकुंठरथाचा ड्रायव्हर दारात उभा आणि तो तुमचं धोतर मागतोय. एका गृहस्थांनी तर धोतर नेसणंच सोडलं आणि वयाच्या सत्तरीत पायजमा शिवला.

एस.टी. त्यांच्या अंगातून गेली नव्हती ती नव्हतीच. रस्त्यात कुणी हात दाखवला की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर. एकदा आमच्या ओळखीतल्या एका म्हातारीला घेऊन गाडी घाटाकडे निघाली, मागं माणसं चालतायत, आणि वाटेत डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या एका बाईनं सवयीनं हात केला. गाडी थांबली. सुखदेवजींनी दार उघडलं. ती बाई चढली, पाटी खाली ठेवली, शेजारी पाहिलं आणि म्हणाली, "अव माय, ह्या बाईले काय झालं?" सुखदेवजी म्हणाले, "त्या आंधी बसल्या हायेत, तुमी जरा सरकून बसा." पुढच्या वळणावर तिला नीट उतरवूनही दिलं. मागून येणाऱ्या सुनांना रडावं की हसावं कळेना. त्यांनी दोन्ही केलं.

पण या सगळ्यावर ताण म्हणजे कापसाचं वर्ष. त्या साली पाऊस लांबला, पॉलिशला उशीर झाला आणि जिनिंग मात्र वेळेवर सुरू झाली. जवसाचं तेल वाळायला वेळ घेतं. सुखदेवजींनी गाडीला दाट हात मारला आणि ती वाळत ठेवून जेवायला गेले. नेमका वारा फिरला. जिनिंगच्या बाजूनं कापसाचे बारीक तंतू उडत आले आणि त्या ओल्या मेणावर बसत गेले. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा मला आधी वाटलं, शेडखाली कुणी भलामोठा मेंढा बांधला आहे. बॉनेट, टप, दारं, सगळीकडे पांढरी लव. सुखदेवजी जेवून आले, त्यांनी पाहिलं आणि ते माझ्या खिडकीखाली आले.

"वैनी," ते म्हणाले, "माया गाडीले दाढी आली."

आणि नेमका त्याच दुपारी कापसाचा एक मोठा अडत्या गेला. माणसं बोलवायला आली. घासून काढायला वेळ नाही, दुसरी गाडी नाही. सुखदेवजी मान खाली घालून तशीच गाडी घेऊन गेले. मनाशी धरलं होतं, की आज शिव्या पडणार. तर झालं उलटंच. अडत्याच्या थोरल्या मुलानं गाडी पाहिली आणि तो सुखदेवजींच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडायला लागला. "माया बापाची सारी जिंदगी कापसात गेली. तुमी किती इचार केला जी. घरच्याईलेबी हे सुचलं नसतं." गावभर बोलबाला झाला. पुढं महिनाभर जो यायचा तो म्हणायचा, आमच्याकडेही तो कापसाचा रथच पाठवा. एका किराणा दुकानदाराच्या घरचे तर म्हणाले, कापूस नको, पण साखरेचं काही होईल का?

सुखदेवजींना हा सगळा अपमान वाटत होता. लोक स्तुती करत होते आणि ते एकटेच रॉकेलच्या चिंधीनं कापूस खरवडत बसले होते. असंच एकदा मी त्यांना चहा नेऊन दिला आणि म्हटलं, "कायले एवढा जीव लावता? बसणाऱ्याले काय दिसते?"

त्यांनी चहा खाली ठेवला. "माया बापाले शेणाच्या ट्रॉलीत नेलं, वैनी. दुसरं कायी भेटलंच नाही तव्हा. धुतलीबी नोयती कोनं. मी मांगून चालून राह्यलतो आन् बापाच्या धोतराले शेण लागलेलं दिसून राह्यलं होतं." मग पुन्हा चिंधी उचलून ते म्हणाले, "बसणाऱ्याले नाही दिसत. पन मांगून चालणाऱ्याले लय दिसते." त्यानंतर मी त्यांना वासावरून कधी बोलले नाही.

तर ही गाडी, कापूस निघाल्यावर आणि मेण नीट बसल्यावर, अशी चमकायची की बॉनेटात तोंड दिसायचं. आणि हीच सगळ्या म्हाताऱ्यांची अडचण होती. गावात कुणीतरी उठवून दिलं होतं, की नव्या पॉलिशमध्ये ज्याचं तोंड पहिल्यांदा दिसेल, तो त्या हिवाळ्यातली पहिली सवारी. एका वर्षी कुणी टोपी सरळ करायला वाकला आणि मार्गशीर्षात गेला. दुसऱ्या वर्षी आणखी कुणी दातात अडकलेलं काढायला वाकला, तोही गेला. झालं. एवढ्यावर सगळं गाव पक्कं. त्या दोघांनाही आधीपासून दमा होता, हे कुणी लक्षातच घेत नव्हतं. सुखदेवजींना हे ऐकून हसू यायचं. "मी त रोज पाह्यतो," ते म्हणायचे, "मी काहून नाही मेलो मंग?" त्यावर म्हातारे म्हणायचे, ड्रायव्हरला लागू नाही.

हे सगळं मानणाऱ्यांत आमचे मामाजी पहिले. मामाजी म्हणजे माझे सासरे. ऐंशी कधीच ओलांडलेली, तब्येत ठणठणीत, पण मरणाला असे भ्यायचे की पेपरातलं निधनवार्तेचं पान मी आधी काढून ठेवायची. घराच्या समोरच शेड, त्यामुळे त्यांना वळसाही घालता येईना. मग ते कोजागिरीपासून मागच्या दारानं ये-जा करायचे. मागच्या दाराला लागून मोरी आहे, तिच्यात दोनदा पाय गेला, तरी ऐकलं नाही.

घोटाळा झाला तो मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे. मामाजींना कित्येक वर्षं नीट दिसत नव्हतं. त्या साली आम्ही यवतमाळला नेऊन दोन्ही डोळे करून आणले. पट्टी निघाली आणि मामाजींना सगळंच दिसायला लागलं. भिंतीवरची पाल, माझ्या केसांतली पांढरी बट, भातातला खडा. रोज काही ना काही नवीन दिसायचं आणि रोज त्यावर भांडण. त्या आनंदात ते एका सकाळी समोरच्या दारानं बाहेर पडले. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. ते शेडपाशी थांबले. पाहतात तर समोर एक म्हातारा त्यांच्याकडे टक लावून पाहतोय.

"राम राम," मामाजी म्हणाले.

म्हातारा काही बोलेना. मामाजींना राग आला. "काहून जी, वळख नाही देत?" असं म्हणून ते पुढं वाकले, तर म्हाताराही वाकला. स्वतःचं तोंड त्यांनी किती वर्षांत धड पाहिलं नव्हतं, ओळखणार कुठून? ओळखलं तेव्हा ते बॉनेटावर दोन्ही हात टेकून उभे होते आणि नाक पत्र्याला लागायचं बाकी होतं.

सुखदेवजी पलीकडून फडकं घेऊन आले. "मामाजी, आजच मेण वाळलं," ते अभिमानानं म्हणाले. "पहिले तुमीच पाह्यलं."

मामाजी घरात आले ते थेट खाटेवर. "सून, माया नंबर लागला," एवढंच बोलले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. दुपारी जेवले नाहीत. रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी. आधी मी चिडले, मग समजावलं, मग आमच्या ह्यांनी डॉक्टरांना घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, पण असंच खाणं सोडलं तर मात्र होईल. मामाजी तेवढं ऐकून मला म्हणाले, "पाह्य, डॉक्टरबी म्हून राह्यला." माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला. हात काडीसारखा झाला. मला रडू यायचं. एवढा धडधाकट माणूस, आणि एका बॉनेटापायी असा जाणार? मी भांडायची त्यांच्याशी रोज, पण ते घरात नसतील हे मला सहनच होईना.

सुखदेवजी तर पार कासावीस झाले. रोज सकाळी दारात हजर. "कसे हायेत जी मामाजी?" आता वैकुंठरथाचा ड्रायव्हर रोज सकाळी घरी येऊन विचारतोय, म्हटल्यावर मामाजींनी काय समजायचं? ते डोळे मिटून घ्यायचे. शेजारच्या बायकांनी सुखदेवजींना आमच्या घरून मान खाली घालून निघताना पाहिलं आणि त्या पांढरी लुगडी नेसून भेटायला आल्या. एकीनं माझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. आतून मामाजींचा आवाज आला, "कोन मेलं?" ती बाई किंचाळून जी पळाली ती चप्पल सोडून.

त्या दुपारी सुखदेवजी बराच वेळ गाडीसमोर उकिडवे बसून होते. मग माझ्याकडे आले. हातात काचपेपर.

"वैनी, घासू काय?"

मी भडकले. "मले काय इचारता? गाडी तुमची, पॉलिश तुमचं. तुमचा तर इस्वासच नाही या गोष्टीवर."

"माया नाही ना," ते म्हणाले. "मामाजीचा हाय. माया नसल्यानं त्याईले भाकर थोडीच गोड लागते."

आणि त्यांनी घासलं. मी ओट्यावरून पाहत होते. कोरडा, जाडा काचपेपर. त्या निळ्याभोर बॉनेटावर पहिला हात फिरला तेव्हा जो आवाज आला, तो माझ्या दातांत बसला. ज्या माणसानं नव्या कापडाचाही चरा पडू दिला नाही, तो दोन्ही हातांनी गाडीचं तोंड खरवडत होता. घासता घासता ते काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं मंत्र असेल. जवळ जाऊन ऐकलं तर ते गाडीला म्हणत होते, "थोडंसं राह्यलं, झालं बाई, झालं." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मिशीवरून खाली बॉनेटावर पडत होतं, आणि तेही ते पुसून घेत होते, डाग पडू नये म्हणून. सवय कुठं जाते?

बॉनेट राखेसारखं करडं झालं. मग सुखदेवजी आणि आमचे हे, दोघांनी मिळून मामाजींना खाटेसकट उचललं आणि गाडीसमोर नेऊन ठेवलं.

"पाहा मामाजी," सुखदेवजी म्हणाले. "कोन दिसते?"

मामाजींनी डोळे बारीक केले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, हात हलवून पाहिला. "कोनीच नाही."

"मंग? नंबर रद्द."

मामाजींनी आणखी एकदा हात हलवून पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सून, भाकर टाक. ठेचा हाय काय?" मी पदर तोंडाला लावला आणि घरात पळाले. त्या दिवशी ते तीन भाकरी जेवले आणि रात्री पोट दुखतं म्हणून पुन्हा घर डोक्यावर घेतलं.

त्यानंतर त्यांचा नेम झाला. रोज सकाळी उठून शेडपाशी जायचं, बॉनेटात पाहायचं आणि आपण दिसत नाही याची खात्री करून चहाला यायचं. सुखदेवजी त्यांच्या आधी येऊन बॉनेटावर मूठभर धूळ टाकून ठेवायचे. पुढच्या कोजागिरीनंतर त्यांनी दारं, टप, मागची बाजू, सगळं चकचकीत केलं, फक्त बॉनेट सोडून. लोक विचारायचे, समोरून असा खरूज झाल्यासारखा काहून? एका पेंटरनं तर फुकटात रंग मारून देतो म्हटलं. सुखदेवजी म्हणाले, "राहू द्या जी. आमच्या एका गिऱ्हाइकाले असंच आवडते." पण गाडी घेऊन निघाले की ते बॉनेटाकडे पाहायचे नाहीत. समोर पाहून चालवणाऱ्या माणसाला ते कसं जमायचं, कोण जाणे.

मामाजी तो हिवाळा जगले, पुढचाही जगले. गेले ते ऐन वैशाखात, दुपारी आमरस खाऊन झोपले ते उठलेच नाहीत. सीझन नसताना गेले, हे त्यांना कळलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याच उन्हाळ्यात आम्ही दिग्रस सोडून नागपूरला मुलाकडे आलो, त्यामुळे सुखदेवजींचं मला झालेलं शेवटचं दर्शन ते मामाजींना नेलं त्या सकाळचंच.

नातेवाईक जमले होते. मामाजींना अंगणात ठेवलं होतं. ऊन चढत होतं आणि गाडी समोरच असून येत नव्हती. मी बाहेर जाऊन पाहिलं. सुखदेवजी बॉनेटावर मेण चोळत होते. वेड्यासारखे. घाम गळत होता.

"सुखदेवजी, चला ना जी. लोकं खोळंबले."

"होऊन नाही राह्यलं, वैनी," ते म्हणाले. "लय घासलं मी तव्हा. चमक वरतं येतच नाही. समद्या गावाले मी चमकत्या गाडीत नेलं. मामाजीलेच असं भुरकट नेऊ काय?"

मला काय सुचलं कोण जाणे. मी पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी उभी राहून घासायला लागले. मला पाहून हे आले. मग पारावरचे म्हातारे आले, ज्यांनी इतकी वर्षं या गाडीकडे पाठ फिरवली होती. कुणी दुपट्ट्यानं, कुणी टोपीनं, सुना पदरानं. मामाजी अंगणात तसेच, आणि मयतीला आलेली सगळी माणसं बॉनेटाला लागलेली. नागपूरहून आलेल्या व्याह्यांना वाटलं आमच्याकडची हीच रीत असावी. तेही बिचारे रुमाल काढून घासायला लागले. नुसता घासण्याचा आवाज.

आणि हळूहळू करडेपणाखालून निळा वर यायला लागला. आधी झाडाची सावली दिसली, मग पत्र्याची कड. मग चेहरे. आमच्या ह्यांचा, व्याह्यांचा, एका म्हाताऱ्याची दाढी. एक हात थांबला, मग दुसरा, मग सगळेच. पाहता पाहता सगळी माणसं दोन्ही बाजूंना सरकली. मीही सरकले, खोटं कशाला बोलू. जन्मभर वर्गात विज्ञान शिकवलं आणि सरळ व्याह्यांच्या पाठीमागं जाऊन उभी राहिले.

समोर एकटे सुखदेवजी उरले. त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही. ते वाकले आणि बॉनेटात नीट, निवांत पाहिलं. मिशीला मेण लागलं होतं, ते अंगठ्यानं पुसलं. उलट्या हातानं डोळे पुसले.

"दिसून राह्यलं आता," ते म्हणाले. "आना मामाजीले."